गाडी ऑइल खायली

आमच्या लोहा गावात एखाद्याचा बीपी वाढला तर त्याच्या घरात उशिरा कळतं, पण त्याच्या गाडीनं निळा धूर सोडला तर दिवस मावळायच्या आत गावभर होतं. माझ्या बाबतीत तेच झालं. नांदेडची कामं उरकून परत आलो आणि पान घ्यायला टपरीशी थांबलो, तर टपरीवरचा पोरगा पानाला चुना लावता लावता म्हणाला, "सर, गाडी ऑइल खायली तुमची." ह्या पोरानं आजवर चारचाकीचं स्टिअरिंग हातात धरलेलं नाही. पण निदान बरोबर होतं.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. एमएच २६ ची पाटी लावून तिनं कंधार, अहमदपूर, नांदेड असे हेलपाटे बिनतक्रार घातले. आता उतारवयात चारचौघांत तिच्या माहेरचा उद्धार करणं बरं दिसत नाही. चार सिलिंडर, पेट्रोलची, पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत जाऊन, पर्यावरण कर भरून पुन्हा पास करून आणलेली, एवढी ओळख पुरे.

मग सल्ले सुरू झाले. आमच्याकडे सल्ल्याला पैसे पडत नाहीत आणि देणाऱ्याला घाई नसते. शेजारचे ट्रॅक्टरवाले म्हणाले, "नव्वद नंबर टाका सर. जाड असतंय. गळायचंबी नाही अन् जळायचंबी नाही." नव्वद नंबर म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल. थंडीच्या सकाळी ते इंजिनातल्या बारीक वाटांनी वर चढेपर्यंत कॅमशाफ्ट कोरडीच फिरत राहील. हे मी त्यांना समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग निम्मं-निम्मं करा." नांदेडच्या मेव्हण्यांनी कसल्याशा औषधाची बाटली सुचवली, ती ऑइलमध्ये ओतली की म्हणे इंजिन आतून भरून येतं. एकानं विकून टाका म्हटलं. पण बहुमत पडलं ते हाफ इंजिनच्या बाजूनं. हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवायचं, पिस्टन बाहेर काढायचे, रिंगा आणि बेअरिंगा नव्या टाकायच्या, आणि बोअर घासलेला निघाला तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवायचे. दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन खोललेलं बघायला आपल्या लोकांना फार आवडतं.

एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही. ऑइल खाते, ठीक. पण किती खाते?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ऑइल अजिबात न खाणारं इंजिन जगात नाही. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात, खालची ऑइलची. ही तिसरी रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून तिच्यामागच्या भोकांतून परत खाली सोडते. पण सगळं खरवडलं तर वरच्या रिंगा कोरड्या घासतील, म्हणून भिंतीवर पातळसा थर राहू द्यावाच लागतो, आणि प्रत्येक स्फोटात त्यातला थोडा जळतो. काही कंपन्यांच्या पुस्तकांत तर हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं, असं सरळ छापलेलं असतं. हे पुस्तक गाडीबरोबर मिळतं आणि गाडी विकेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहतं.

हजाराला एक लिटर ऐकायला भयंकर वाटतं. पण जरा हिशेब करून बघा. ताशी ऐंशीच्या वेगानं जाताना इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं असं धरलं, तर चार सिलिंडरांत मिळून हजार किलोमीटरला पंचेचाळीस लाख स्फोट होतात. लिटरभर ऑइलचे साधारण वीस हजार थेंब. म्हणजे सव्वादोनशे स्फोटांमागे एक थेंब! एवढी सांडलवंड स्वयंपाकघरात झाली तर कुणी त्याला सांडणं म्हणणार नाही.

आमच्या पिढीनं तर निळ्या धुराची तक्रार करूच नये. आम्ही तो पैसे देऊन विकत घेत होतो. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या अंगणाअंगणांत स्कूटर उभी राहिली. टू-स्ट्रोक स्कूटरच्या टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल घालावंच लागायचं, लिटरला वीस मिली. पंपावरचा माणूस मापानं ते ओतायचा आणि आम्ही ते नीट मिसळावं म्हणून स्कूटर दोन्ही हातांनी डुलवायचो. चाळीसचा अॅव्हरेज धरला तर हजार किलोमीटरला पंचवीस लिटर पेट्रोल आणि त्यात अर्धा लिटर ऑइल जळायचं. ते रोजचंच होतं. स्कूटर मागं निळी शेपटी सोडत शाळेच्या फाटकातून आत यायची आणि पोरं म्हणायची, सर आले. तसल्याच ऑइलासाठी आज चारचाकीचं हेड उतरवायला निघालोय आम्ही.

तर मोजायचं ठरवलं. मोजायला सपाट जागा लागते, आणि लोह्यात अंगण सपाट असणं हा योगायोग समजावा. गाडी एका बाजूला कलली की पट्टीवरची ऑइलची खूण खोटी येते. शोधता शोधता लक्षात आलं की गावात खात्रीनं सपाट अशी एक जागा आहे, मोंढ्यातला वजनकाटा. सकाळी सोयाबीनचे ट्रॅक्टर यायच्या आधी तिथं जायचं, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं, मग पट्टी पुसून घालायची आणि काढायची. काट्यावरच्या माणसाला सुरुवातीला वाटलं, मी गाडी वजनावर विकतोय. त्यानं भावसुद्धा सांगितला.

पट्टीच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास अंतर असतं. वरच्या खुणेपर्यंत भरायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे, आणि पुन्हा वरच्या खुणेपर्यंत आणायला किती लागलं ते मापट्यानं मोजून वहीत टिपायचं. एवढीच विद्या आहे. अमेरिकेत सुबारूच्या ग्राहकांनी ऑइल खाण्यावरून कंपनीला कोर्टात खेचलं होतं. २०१६ मध्ये तडजोड होऊन कंपनीनं त्या इंजिनांची वॉरंटी वाढवून दिली. तिथले डीलर काय करायचे? ऑइल बदलून पातळी मोजून द्यायचे, ग्राहकाला बाराशे मैल गाडी चालवून परत यायला सांगायचे आणि पुन्हा मोजायचे. मोंढ्यातल्या काट्यावर मी केलं त्याहून वेगळं काही नाही. त्यांचा फक्त कोट पांढरा असेल.

मोजताना एक गोष्ट उघड झाली. मागच्या वेळी ऑइल बदलणाऱ्या पोरानं वरच्या खुणेच्याही वर भरलं होतं. "असू द्या की सर, थोडं जास्तच असलेलं बरं." भाजीच्या फोडणीत हे चालतं, इंजिनात नाही. पातळी वाजवीपेक्षा वर गेली की फिरणारी क्रँक ऑइलला आपटते, त्याचा फेस होतो आणि तो ब्रीदरच्या नळीतून हवेच्या वाटेनं इंजिनात जाऊन जळतो. म्हणजे जास्त भरलेलं ऑइल लवकर संपतं, मालक घाबरून आणखी भरतो, आणि तेही संपतं.

बरोबर पातळी ठेवून, सगळं नीट लिहून काढल्यावर आकडा आला हजाराला पाऊण लिटर. पुस्तकातल्या मर्यादेत होता. पण गाडी आधी एवढं खात नव्हती, म्हणजे काहीतरी बिघडलंय हेही खरं.

आता जातं कुठं? वाटा दोनच. बाहेर गळतं, नाहीतर आत जळतं. रात्री गाडीखाली सोयाबीन तेलाच्या बॉक्सचा पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी त्यावर टॅपेट कव्हरच्या बाजूला दोन-तीन काळे ठिपके. पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. ते बदललं, पण पाऊण लिटर ऑइल दोन-तीन ठिपक्यांतून जात नाही. बाकीचं जळतच होतं.

जळतंय ते कुठून, हे धूरच सांगतो, फक्त तो बघायला आरशात डोळा ठेवावा लागतो किंवा मागून कुणाला तरी यायला सांगावं लागतं. मी पुतण्याला मोटारसायकलवर मागं ठेवलं. पांढरा दाट धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी, तर हेड गॅस्केट. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, ऑइलाशी संबंध नाही. निळा मात्र ऑइलचाच. पण तो कधी येतो, ते बघायचं. चढावर, भर ओढीत, पाय दाबलेला असताना सतत येत असेल तर रिंगांवर संशय. सकाळी सुरू करताना एकदाच भपकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील. रात्रभर हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून थेंबथेंब खाली उतरलेलं असतं, ते पहिल्या मिनिटात जळून जातं. आणि उतारावर पाय काढून गाडी सोडली, मग खाली आल्यावर पुन्हा पाय दाबला की धुराचा लोट आला, तर तेही सीलच. पाय काढलेला असतो तेव्हा इंजिन आतून हवा ओढत असतं, थ्रॉटल मिटलेला असतो, त्यामुळे ते व्हॉल्व्हच्या फटीतून ऑइलच ओढून घेतं. आमच्या भागाला बालाघाटाच्या डोंगरांचा शेजार आहे, चढउतारांना तोटा नाही. वडेपुरी, माळाकोळी, कुठंही ही परीक्षा होते. पुतण्या येऊन म्हणाला, "काका, चढावर कायीच नाही. उतारावरून खाली आल्यावर मात्र मला तुम्ही दिसायलाच नव्हता."

हा पुरावा घेऊन मिस्तरींकडे गेलो. आमचे मिस्तरी नांदेडच्या गॅरेजांत शिकलेले, दखनी बोलतात, आणि त्यांना घाई केलेली आवडत नाही. बहुमताचा हाफ इंजिनचा ठराव मी त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि वर हात धरला. "बॅक नहीं मार रही." रिंगा गेलेल्या असत्या तर स्फोटाचा वायू पिस्टनच्या कडेनं खाली उतरून ह्या तोंडातून फक फक बाहेर आला असता. मग चारही प्लग काढले. दोन ओलसर, दोन कोरडे. गेज लावून कॉम्प्रेशन बघितलं. पेट्रोल इंजिनाला दीडशे पौंडांच्या वर असलं की ठीक, आणि चौघांत फार फरक नको. सगळ्यात कमी होतं त्या सिलिंडरमध्ये त्यांनी चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असतील तर ते ऑइल तात्पुरती फट बुजवतं आणि आकडा उसळी घेतो. इथं काटा जेमतेम हलला. "रिंगा हाव तशाच हैत," असं मराठीत सांगून ते पुन्हा दखनीवर आले, "हेड कू हात नक्को लगाना सर."

खरं सांगायचं तर ते वाक्य ऐकून मला एखाद्या डॉक्टरांनी ऑपरेशन टाळल्यासारखं वाटलं नाही; थोडं वाईटच वाटलं. हाफ इंजिनचे पैसे मनानं कधीच बाजूला काढून ठेवले होते.

मिस्तरींनी आधी ब्रीदरचा व्हॉल्व्ह काढला. तो मळानं इतका भरला होता की हलवला तर वाजेना. हा चोंदला की इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर पडायला जागा मिळत नाही, आणि तो ऑइललाच सगळ्या सीलांतून बाहेर ढकलतो. फार स्वस्त वस्तू, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. मग हवेचा फिल्टर. आमच्या रानाच्या वाटांवरची बारीक धूळ रिंगांना सॅंडपेपरसारखी घासते, आणि तिला अडवायला मधे फक्त एक कागद असतो. तो कागद पंपावर फुकट मिळणाऱ्या हवेच्या जोरदार फवाऱ्यानं साफ करायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या फवाऱ्यानं कागद फाटतो. माझा फाटायच्या बेतात होता.

शेवटी व्हॉल्व्हची सीलं. ही रबराची टोपी उष्णतेनं वर्षानुवर्षं भाजून प्लॅस्टिकसारखी कडक होते, मग दांड्याला बिलगत नाही. ती बदलायला हेड उतरवावंच लागतं असा समज आहे. मिस्तरींनी नवी जाड दोरी आणायला सांगितली. मी बैलांचं सामान विकणाऱ्या दुकानातून कासऱ्याची दोरी आणली. प्लगच्या भोकातून ती सिलिंडरमध्ये सोडली, क्रँक हातानं फिरवून पिस्टन वर आणला; दोरीचा गोळा दबून व्हॉल्व्हना खालून टेकू लागला. आता वरची स्प्रिंग आणि लॉक काढले तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. जुनी टोपी पक्कडीनं उपटली तर बोटांत तिचे तुकडे झाले. दोरी देताना दुकानदारानं मला विचारलं होतं, "सर, बैल कधी घेतले?"

आता गाडीला हजाराला पाव लिटर लागतं. सकाळचा भपका गेला. पण गावातलं बहुमत अजून हाफ इंजिनचंच आहे. त्यांच्या मते मी काम अर्धवट केलं.

बोअर करून घेण्याला माझा विरोध नाही. रिंगा खरोखर गेल्या असत्या तर ते करावंच लागलं असतं. लोखंडी ब्लॉकमध्ये बोअर पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर असा वाढवत नेता येतो, आणि तो संपला की स्लीव्ह ठोकून पुन्हा पहिल्या साइझला येता येतं. जुनी इंजिनं अशीच पिढ्यान् पिढ्या चालली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवलेली होती, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिला टॅक्सी म्हणून धावायला बंदी आली. इंजिन थकलं म्हणून नव्हे, वीस वर्षांची मुदत भरली म्हणून. मिस्तरी बरोबर असेल तर इंजिन आधी दमत नाही, नियम दमवतो.

पण गरज नसताना खोलायचं कशाला? वर्षाला पाच हजार किलोमीटर आणि ऑइलचा लिटर चारशे रुपये धरा. पाऊण लिटरच्या हिशेबानंसुद्धा वर्षाला दीड हजार रुपयांचं ऑइल गेलं असतं. हाफ इंजिनला तीस हजार धरले तर ते वसूल व्हायला वीस वर्षं. तोवर ना गाडी राहील, ना पेट्रोल पंपावर पेट्रोल मिळेल याची खात्री. ऑइल खाणारी गाडी खर्चानं मारत नाही. ती मारते बघितलं नाही तर. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवतो असं निम्म्या लोकांना वाटतं; तो दाब दाखवतो, आणि तो लागेपर्यंत बेअरिंगा कोरड्या व्हायला सुरुवात झालेली असते. तेव्हा दिव्याची वाट न बघता पट्टी बघावी, पेट्रोल भरताना, दर वेळी.

मार्गशीर्षाच्या अखेरीला आमच्या तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोडा घेणारे लोक बघण्यासारखे असतात. दात उघडून वय बघतात, खूर उचलून बघतात, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते बघतात, पळवून चाल बघतात, आणि मग उपरण्याखाली बोटं धरून भाव होतो. तीच माणसं यात्रेहून येऊन जुनी गाडी घेतात तेव्हा रंग बघतात आणि टेप वाजतो का ते बघतात. विकणारा त्यांच्या आधी तासभर इंजिन चालू करून ठेवतो, म्हणजे सकाळचा निळा भपका आधीच उडून गेलेला असतो. वर जाड ऑइल भरलेलं असतं, म्हणजे इंजिन शांत वाटतं.

तुम्हाला जुनी गाडी बघायला जायचं असेल तर सांगून जाऊ नका. पहाटे जा, आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, मालकाला नमस्कार करा आणि दुसऱ्या दिवशी त्याहून लवकर या.